गाडीची चावी देण्याआधी मुलांना काय शिकवायचे?

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक मागणी येतेच, "अब्बा, गाडी घेऊन द्या ना." कॉलेज लांब असते, एसटीची वेळ जुळत नाही, क्लास सुटेपर्यंत रात्र होते. ही कारणे खरी असतात, म्हणून गाडी देऊच नका असे आम्ही म्हणणार नाही. पण शाळेत आम्ही मुलांना गणित शिकवतो, विज्ञान शिकवतो, गाडी मात्र ती गल्लीतल्या मोठ्या पोरांकडून शिकतात. तिथे गाडी पळवायला शिकवतात. वेळेवर थांबवायला कोणी शिकवत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. दर तिघांतले जवळपास दोघे १८ ते ४५ वयाचे, म्हणजे घरातले कमावते किंवा कमवायला लागणारे. हेल्मेट न घातलेले सुमारे ५० हजार.

कायदा काय सांगतो?

बाईक किंवा स्कूटी चालवायला वय १८ पूर्ण लागते. सोळाव्या वर्षी आई-वडिलांच्या संमतीने लायसन्स मिळते, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. आज घरोघरी असलेल्या स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. "गिअर नाही म्हणजे चालते" हा समज चुकीचा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पुष्कळ घरांत स्कूटी अम्मीच्या नावावर असते. मुलाला चावी देताना आपण अम्मीला कशात अडकवतो आहोत, याचा विचार करावा.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालते आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. हा महिना सरावासाठी आहे. या काळात गाडीला पुढे-मागे लाल अक्षरात 'एल' लावायचा आणि मागे फक्त शिकवणारा, लायसन्स असलेला माणूसच बसवायचा. दोस्तांना बसवून फिरणे नियमात बसत नाही. आता लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते, तेव्हा काही घरांत मोठा भाऊ नाहीतर एजंटच उत्तरे देऊन टाकतो. मग मुलगा पास होतो, पण चौकात कोणाला आधी जाऊ द्यायचे हे त्याला कळलेलेच नसते.

थोडे गणित, थोडे विज्ञान

ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर कुत्रे आडवे आले, ते डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तोवर ११ मीटर संपले, ब्रेक त्यानंतर लागणार. ताशी ६० असेल तर जवळपास १७ मीटर. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

मोबाईलचा मेसेज बघायला तीन सेकंद लागले, तर ४० च्या वेगाने गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची. म्हणजे दीड खेळपट्टीहून जास्त अंतर डोळे मिटून गाडी चालवल्यासारखे झाले.

बरीच मुले भीतीने फक्त मागचा ब्रेक दाबतात. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता दाबायची सवय रिकाम्या मैदानावर करून घ्यावी.

ट्रकच्या मागे असताना त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. आपल्या दिव्याचा उजेड पोहोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा.

घरातल्या सवयी

नमाजला निघताना टोपी आहे म्हणून हेल्मेट राहून जाते. टोपी खिशात ठेवता येते. हेल्मेट आयएसआय मार्कचे असावे आणि पट्टा लावलेला असावा. पट्टा नसेल तर पडताना हेल्मेट आधी निघून जाते. मागे बसणाऱ्या अम्मी-आपांनी दुपट्टा आणि बुरख्याची टोके सावरून बसावे, गाडीचा साडी गार्ड काढून टाकू नये.

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची घाई आणि तरावीहनंतरची ट्रिपल सीट सगळ्यांनी पाहिली आहे. दिवसभराच्या रोजाने थकलेला मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत फळे आणायला पाठवू नका. सामान दुपारीच आणून ठेवा. वाटेत वेळ झालीच तर गाडी बाजूला लावून खजूर खाता येतो.

शिकवायचा क्रमही सोपा आहे. आधी मैदान, मग गल्ली, मग सकाळचा मोकळा रस्ता, त्यानंतर बाजारपेठ आणि शेवटी रात्र व पाऊस. एक पायरी नीट जमली की पुढची. मुलींनाही याच क्रमाने शिकवा.

अब्बांनी राँग साईडने गाडी घातली, मामूंनी फोन खांद्यावर धरून बाईक चालवली, तर मुले तेच उचलतात. म्हणून आजपासून घरातल्या प्रत्येक गाडीसोबत दोन हेल्मेट ठेवा आणि पहिले हेल्मेट मोठ्यांनी घाला.