‘स्फटिक’ : शब्द आणि रचना

व्यवहारात ‘स्फटिक’ म्हटले की पारदर्शकता मनात येते. रसायनशास्त्रास मात्र त्या शब्दाने अंतर्रचनेची नियमितता अभिप्रेत आहे. कोथरूडच्या टेकड्यांचा काळा बेसाल्ट अपारदर्शक असूनही मुख्यत्वे सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला आहे. उलट, खिडकीची स्वच्छ काच स्फटिक नव्हे. कारण तिच्यातील अणूंची मांडणी दूरवर नियमित राहत नाही.

सामान्यतः स्फटिकात अणूंचा एक ठरावीक समूह तिन्ही दिशांना समान अंतराने पुनःपुन्हा येतो. ज्या ठोकळ्याच्या पुनरावृत्तीने सारा स्फटिक उभा राहतो, त्यास ‘एकक कोशिका’ म्हणतात. मिठाची कोशिका घनाकृती असून तीत सोडियमचे ४ व क्लोरीनचे ४ आयन असतात. पुण्याजवळ वाघोली येथे बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या निळ्या कॅव्हन्साइटची कोशिका काटकोनीच, परंतु तिच्या तिन्ही कडा असमान असतात. अशा पुनरावृत्तीची जालके केवळ १४ प्रकारची संभवतात.

१९८४ साली शेख्टमन प्रभृतींनी नियमित, परंतु पुनरावृत्तिहीन अशी रचना प्रसिद्ध केली. तेव्हा १९९२ साली आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने व्याख्याच बदलली आणि क्ष-किरणादिकांच्या विवर्तनात उमटणारे सुस्पष्ट ठिपके हे स्फटिकाचे लक्षण मानले. शास्त्रीय परिभाषेत शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे, तर अशा लक्षणावरून निश्चित होतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.