पडद्याआडचा दुकानदार

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मराठी माणसाने भुसारी दुकानापासून कापडपेठेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहे. त्या पाटीखाली हुज्जत घालण्याची सोय तरी होती. गल्ला समोर, मालक समोर. चार गिऱ्हाइकांदेखत आवाज चढला की माल पुष्कळदा बदलूनही मिळे. आता खरेदी मोबाइलच्या पडद्यावर होते, माल दारात येतो आणि तो सदोष निघाला तर भांडायचे कोणाशी, हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

समजा, एखाद्या शिक्षकाने बाराशे रुपयांची इस्त्री मागविली आणि चौथ्या दिवशी ती तापेनाशी झाली. संकेतस्थळ म्हणते, आम्ही केवळ बाजार भरवितो, विक्रेता निराळा. विक्रेता म्हणजे पडद्यावरचे एक नाव. माल पोचविणारा मुलगा तर बिचारा निरोप्याच. त्याच्यावर खेकसून काय होणार? या तिघांच्या मध्ये बाराशे रुपये बुडतात. एवढ्याशा रकमेसाठी रजा कोण टाकणार, या मध्यमवर्गीय हिशेबावरच हा सारा व्यवहार निर्धास्तपणे चालतो.

वास्तविक, कायदा येथे मुका नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा ग्राहकाच्या पाठीशी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि पाठोपाठ त्याच महिन्यात ई-व्यापाराचे नियमही निघाले. माल सदोष वा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास अथवा पैसे देण्यास नकार देता येत नाही, असे हे नियम स्पष्ट सांगतात. (उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी.) ‘ही वस्तू परत घेतली जात नाही’ ही पडद्यावरची ओळ म्हणजे त्या जुन्या पाटीचाच नवा अवतार होय. रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत करणाऱ्याला ती अडवू शकेल. बिघडलेली इस्त्री परत करणाऱ्याला नव्हे. माल परत घेण्याची मुदत बिलात दिली नसेल, तर कायद्याने ती तीस दिवसांची धरली आहे, आणि त्या मुदतीत सदोष माल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

बाजार भरविणाराही सर्वस्वी नामानिराळा नाही. त्याने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एक महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. भारतीय मानकाची पूर्तता न करणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपये दंड ठोठावला आणि २,२६५ ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचा व पैसे देण्याचा आदेश दिला. दंडाची रक्कम एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने किरकोळच. पण ‘आम्ही नुसते मध्यस्थ’ या सबबीला तेथे थारा मिळाला नाही, हे महत्त्वाचे.

एवढ्यावर भागले नाही तर १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार गुदरता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. तारखांवर तारखा पडतात तो भाग निराळा, आणि तेथे दोष ग्राहकाचा नसतो.

मात्र तक्रारीत प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव-पत्ता लिहायचा, येथे बहुतेकांची गाडी अडते. नियमांत त्याचीही तरतूद आहे, पण ती फारशी कोणाला ठाऊक नाही: खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली की विक्रेत्याच्या मुख्य कचेरीचा व सर्व शाखांचा पत्ता बाजार भरविणाऱ्याने दिलाच पाहिजे. मागणी लेखी हवी; दूरध्वनीवर यंत्राच्या आवाजाशी अर्धा तास घातला तरी ती केली असे धरले जात नाही.