गाडी काय काय टिपते?

जोडलेली गाडी : गाडीतच सिम. ठिकाण, वेग, जोराचा ब्रेक, थांब्याची वेळ कंपनीच्या सर्व्हरवर जाते. राष्ट्रीय महामार्ग ६१ वर भैंशाहून भोकरकडे जाताना राज्य बदलते, नोंद चालूच राहते.

जुनी गाडी घेताना : गाडीतला डेटा पुसणे आणि ॲपमधून आधीच्या मालकाचे खाते काढणे, ही कामे वेगळी. खाते तसेच राहिले तर नव्या मालकाचा ठावठिकाणा जुन्याच्या फोनवर दिसू शकतो. हे आधी तपासा.

फास्टॅग : फेब्रुवारी २०२१ पासून चारचाकींना सक्तीचा. नोंद नाक्यापुरती, सलग माग नाही.

एआयएस-१४० : बस-टॅक्सीतील ठिकाणदर्शक यंत्र आणि पॅनिक बटण यांचे मानक. खासगी मोटारींना सक्ती नाही.

कायदा : खासगीपणा हा मूलभूत हक्क, सर्वोच्च न्यायालय, २४ ऑगस्ट २०१७. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३.