पू आहे की नाही?

“डॉक्टर, नुसतं मलम द्या हो, कापाकापी नको!” मांडीवर लिंबाएवढे गळू घेऊन आलेले गृहस्थ खुर्चीत टेकण्यापूर्वीच बजावतात. (टेकता तरी कुठे येत असते बिचाऱ्यांना!) पण मलम की चाकू, हे ठरते एकाच प्रश्नावर : आत पू आहे की नाही?

याचे उत्तर बहुधा डॉक्टरांच्या बोटांनीच मिळते. सुजेच्या दोन बाजूंना बोटे ठेवून एकाने दाबायचे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी थलथल दुसऱ्या बोटाला जाणवली, की पू साचला म्हणून समजावे. मग चीर देऊन तो काढणे हाच खरा उपाय. साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. पू खोल असला तर बोटेही फसतात. तेथे आता सोनोग्राफी मदतीला येते. गळवे पुन्हा पुन्हा होत असतील, तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे.

उलट कातडी लाल, गरम आणि सुजलेली, पण पुवाचा साठा नाही, तर ती सेल्युलायटिस. येथे कापण्यासारखे काही नसते; अँटिबायोटिक घ्यायचे. लालीच्या कडेने मी पेनाने रेघ ओढतो, तेव्हा आजीबाईंना हसू येते. पण उद्या लाली रेघेबाहेर गेली की नाही, हे घरातला शाळकरी नातूही सांगू शकतो! पायाच्या बोटांच्या बेचक्यांतही मी डोकावतो. चिखल्यांच्या भेगांतून जंतू आत शिरतात. दोन्ही पाय सारखेच लाल असले, तर मात्र जंतूंपेक्षा शिरांच्या दोषाचा संशय आधी येतो.

मला भीती वाटते ती दिसते थोडे आणि दुखते फार अशा रोग्याची. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी एका मधुमेही काकूंना मुलगा घेऊन आला. पोटरीवर तळहाताएवढी लाली, पण काकू कळवळत होत्या. “आई जरा हळवीच आहे,” मुलगा म्हणाला. मी दाबून पाहिले, तो कातडीखाली वायूची कुरकुर! स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत पोचलेला हा संसर्ग तासातासाने पसरतो.

“उद्या अभ्यंगस्नान उरकलं की नेतो इस्पितळात.”

“आत्ता. टॅक्सी मीच बोलावतो.”

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. संक्रांतीला काकू स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आल्या, तिळगूळ घेऊन.