लिनक्सवर मराठी, आणि एडिटरची नाहक धास्ती

मालवणातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानातून जत्रेच्या पत्रिकेचा जुना मजकूर आणावा, तो लिनक्सवर उघडावा, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. लगेच शेरा पडतो : लिनक्सला मराठी येत नाही. बिचाऱ्या एडिटरचा यात काहीच दोष नाही. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत; तो फॉन्ट नसला की विंडोजवरही हीच गत. युनिकोडमधली फाइल मात्र नीट उघडते. मराठी टंकनाची सोयही एडिटरकडे नसते, ती प्रणालीत असते. सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक एकदा जोडला की तो बहुतेक सगळीकडे चालतो.

दुसरा समज जास्त छळतो : लिनक्स शिकायचे तर व्हिम हाच एडिटर हवा. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये ‘व्हीआय’ लिहिला. त्याच्याच धर्तीवरचा ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम १९९१ मध्ये आला. तो ताकदवान आहे, यात वाद नाही. पण त्याच्या आज्ञा रोमन अक्षरांत. कळफलक मराठीवर राहिला तर नवखा आतच अडकतो. सुटका अशी : एस्केप, मग कळफलक इंग्रजीवर, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. यात न साठवलेले बदल जातात.

शिवाय व्हिम सहसा टर्मिनलमध्ये चालतो, आणि टर्मिनल मजकूर ठरावीक रुंदीच्या चौकोनांत मांडतो. ‘सिंधुदुर्ग’ वाचताना अक्षरे चार. युनिकोडच्या हिशेबात दहा संकेतांक, यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. चौकोनांत कोंबताना अनेकदा रफार सरकतो, कर्सर भलतीकडे दिसतो. फाइल बिघडली असे वाटते, पण तीच फाइल टर्मिनलबाहेरच्या एडिटरात, म्हणजे केटमध्ये किंवा लिनक्स मिंटच्या एक्सेडमध्ये उघडली की शब्द जागेवर असतात. मराठी लिहिणाऱ्या नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. सेटिंगच्या फाइलींपुरता टर्मिनलमधला साधा एडिटर नॅनो पुरे.

व्हीएस कोड या एडिटरशिवाय गत्यंतर नाही, हेही खरे नव्हे. त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर आहे. जुना लॅपटॉप त्याने धापा टाकतो.

राहता राहिला पावसाळा. लाईट गेली की लिहिलेले सगळे गेले, असे सरसकट नसते. व्हिम दोनशे अक्षरे टंकल्यावर किंवा हात चार सेकंद थांबल्यावर वेगळ्या स्वॅप फाइलीत नोंद करतो. केटमध्येही अशी सोय आहे. नॅनोत मात्र अधूनमधून कंट्रोल-ओ दाबून स्वतःच साठवावे लागते. बाहेर पडायला कंट्रोल-एक्स. दोन्ही कळा पडद्याच्या तळाशी लिहिलेल्याच असतात.