खर्जाचा साथीदार

गवयाची बैठक रंगांत आलेली असतां तंबोऱ्याकडे कोणाचें लक्ष नसतें. श्रोते तानेला दाद देतात, समेला मान डोलवितात, तबलजीचें कौतुक करतात. मागें बसून तारा छेडणारा शिष्य कोणाच्या खिजगणतींतहि नसतो. पण खर्जाची तार मध्येंच तुटली, तर भरलेलें घर एकाएकीं रिकामें व्हावें तशी ती बैठक ओकीबोकी वाटूं लागते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतांत जवळजवळ हेंच स्थान बेस गिटारचें आहे. ती वाजत असतां सामान्य श्रोत्याला ती वेगळी अशी ऐकूं येत नाहीं. ती थांबली म्हणजे कांहीं तरी हरवलें, एवढेंच त्याला जाणवतें. या वाद्याच्या पाठीशीं आणखी एक साथीदार उभा असतो आणि त्याची ओळख तर त्याहूनहि थोड्यांना असते. तो साथीदार म्हणजे वाद्याचा ध्वनिवर्धक. अमेरिकेंत १९६० सालीं बाजारांत आलेला अँपेग कंपनीचा ‘बी-१५ पोर्टाफ्लेक्स’ हा असाच एक साधा ध्वनिवर्धक. त्याची शक्ति अगदीं बेताची; तरीहि साठांहून अधिक वर्षें वादकांनीं त्याला जवळ केलें आहे. तें कां, हें समजून घेण्यासारखें आहे.

ही हकीकत गिटारपासून नव्हे, तर डबल बेसपासून सुरू होते. माणसाहून उंच असें हें तंतुवाद्य नृत्यसंगीताच्या ताफ्यांत बोटांनीं छेडीत असत. ताफे मोठे झाले, त्यांत तुताऱ्या आणि ढोल वाढले, आणि बिचाऱ्या डबल बेसचा आवाज त्यांत पार बुडून गेला. एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजविणारा. त्यानें दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, यावर एक तोड काढली. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीवर उभा राहतो, त्या खुंटींतच त्यानें एक लहानसा मायक्रोफोन बसविला. खुंटीला इंग्रजींत ‘पेग’ म्हणतात; ‘अँप्लिफाइड पेग’ या दोन शब्दांच्या संयोगांतून ‘अँपेग’ हें नांव निघालें. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें भरीव लाकडाची, पडदे ठोकलेली, गळ्यांत अडकवून वाजवितां येणारी बेस गिटार बाजारांत आणली. बोट पडद्यामागें टेकलें कीं स्वर नेमका निघावा, म्हणून तिचें नांव ‘प्रिसिजन बेस’ ठेवण्यांत आलें. हें वाद्य पोकळ नसल्यामुळें त्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ नाहींच. त्यामुळें ध्वनिवर्धक ही आतां केवळ सोय राहिली नाहीं. तो वाद्याचाच अर्धा भाग होऊन बसला.

मंद्र स्वर मोठा करणें हें वाटतें तितकें सोपें काम नव्हे. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. पुरुष गवयाच्या तंबोऱ्यांतील खर्जाची तार साधारणपणें ७० च्या आसपास कंप पावते, यावरून ४१ कंपनें म्हणजे किती खोलवरचा स्वर आहे, याची कल्पना येईल. या स्वराची हवेंतील एकेक लाट सत्तावीस फूट लांब असते. शिवाय मनुष्याचा कानहि या बाबतींत पक्षपाती आहे. मधल्या पट्टीचे स्वर तो सहज ग्रहण करतो, पण तितकीच शक्ति खर्चून उत्पन्न केलेला खोल स्वर त्याला फार क्षीण वाटतो. अमेरिकेंतील फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच हें मोजून दाखविलें होतें. तात्पर्य, खर्ज ऐकूं यावयाचा असेल तर पुष्कळ हवा हलविली पाहिजे, आणि त्यासाठीं लाऊडस्पीकरचा पडदा मोठा हवा.

येथें आणखी एक अडचण उभी राहते. लाऊडस्पीकरचा पडदा पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. पेटी मागून उघडी असेल, तर मागची लाट वळसा घेऊन पुढें येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. उंच स्वरांत हें फारसें जाणवत नाहीं. खर्जांत मात्र आवाजाचा गाभाच नाहींसा होतो. हलच्या कारखान्यांतील जेस ऑलिव्हर हाहि बेस वाजविणाराच होता. त्यानें बी-१५ ची रचना करतांना पेटी सर्व बाजूंनीं बंद केली आणि तिला मोजूनमापून एक वाट ठेवली. त्या वाटेनें मागची लाट बाहेर पडते, पण पडतां पडतां तिची दिशा अशी बदललेली असते कीं ती पुढच्या लाटेला मारक न होतां पूरक होते. पंधरा इंच व्यासाचा एकच लाऊडस्पीकर, पण या युक्तीमुळें त्याचा खर्ज घुमत नाहीं आणि पोकळहि वाटत नाहीं.

ऑलिव्हरची दुसरी युक्ति वादकाच्या दैनंदिन सोयीची होती. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांचा सारा संच त्यानें पेटीच्या झांकणालाच जोडला. प्रवासांत झांकण उलटें लावलें कीं नाजुक कांचेचे व्हॉल्व्ह पेटीच्या पोटांत सुरक्षित राहतात. मुक्कामीं पोंचल्यावर तेंच झांकण फिरवून बसविलें कीं ते बाहेर मोकळ्या हवेंत उभे राहून थंड होतात. वाद्य जोडण्यासाठीं दोन मार्ग, आणि प्रत्येक मार्गाला तीनच बटणें : एक आवाजाचें, एक खर्जाचें, एक तारस्वराचें. शक्ति २५ वॅट, पुढच्या आवृत्त्यांत ३० वॅट. यापलीकडे सांगण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, आणि हेंच त्याचें वैशिष्ट्य ठरलें.

दीर्घकाल या यंत्राशीं संसार केलेल्या वादकांच्या अनुभवाचें सार काढलें, तर पहिली गोष्ट निघते ती हीच. बटणें थोडीं असल्यामुळें यंत्र लवकर कळतें, आणि एकदां कळलें म्हणजे लक्ष पुन्हा हाताकडे वळतें. स्वर जाड हवा असेल तर वादक यंत्राला हात लावीत नाहीं. तो बोटाची जागा बदलतो, आघात हलका करतो, तार थोडी दाबून सोडतो. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणालयांतून बी-१५ कायमचाच मांडून ठेवलेला असे. वादकानें फक्त वाद्य घेऊन यावें, तार जोडावी आणि वाजवूं लागावें. मेम्फिस येथील स्टॅक्स या संस्थेच्या ध्वनिमुद्रणांत डोनाल्ड ‘डक’ डन हा वादक हाच ध्वनिवर्धक वापरीत असे.

या संदर्भांत सर्वांत अधिक घेतलें जाणारें नांव मात्र जेम्स जेमर्सन याचें आहे. डेट्रॉइट शहरांतील मोटाऊन या संस्थेच्या असंख्य गीतांचा खर्ज त्याच्या हातचा आहे. १९६४ सालच्या ‘माय गर्ल’ या गीताच्या आरंभीं जी बेस ऐकूं येते, तीहि त्याचीच. जेमर्सन मूळचा डबल बेसचा वादक. बेस गिटार हातीं आल्यावरहि त्यानें तारा जाड आणि गुळगुळीतच ठेवल्या, त्या बदलण्याची फारशी तसदी घेतली नाहीं, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून तो वाजवीत राहिला. लहान जलशांत तो बी-१५ जोडी, असें त्याच्याविषयीं सांगतात. खर्जाचें बटण पुरें चढवावें आणि तारस्वराचें अर्ध्यावर उतरवावें, एवढीच त्याची मांडणी. तथापि येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटाऊनच्या ध्वनिमुद्रणांत त्याचें वाद्य बहुधा ध्वनिवर्धकांतून न नेतां सरळ मुद्रणयंत्राच्या फलकालाच जोडलेलें असे. म्हणजे त्या गीतांतील स्वराचें सारें श्रेय या यंत्राला देणें बरोबर नाहीं. यंत्र चांगलें होतें. पण स्वर होता तो त्या एका बोटाचा.

बी-१५ ची मर्यादा लौकरच उघड झाली. रॉक संगीताचे जलसे मोठमोठ्या सभागृहांतून आणि मैदानांतून होऊं लागले, आणि २५ वॅटची पेटी तेथें कोणाला ऐकूंच येईना. कान शक्ति सरळ हिशेबानें मोजीत नाहीं. २५ वॅटचे ५० केले तर फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटावयाचा तर शक्ति सुमारें दसपट लागते. १९६९ सालीं याच कंपनीनें ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा प्रचंड ध्वनिवर्धक तयार केला, त्यामागें हाच हिशेब होता. ‘रोलिंग स्टोन्स’ यांच्या त्या वर्षींच्या अमेरिकेंतील दौऱ्यांत तो वापरला गेला. हल मात्र तोंवर कंपनी विकून मोकळा झाला होता. त्याला रॉक संगीताची मुळींच आवड नव्हती. ध्वनिवर्धकानें वाद्याचा आवाज स्वच्छ वाढवावा, त्यांत आपल्या पदरची भर घालूं नये, असा त्याचा कटाक्ष होता.

गंमत अशी कीं, हलनें जो दोष मानला तोच पुढें वादकांना गुण वाटला. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला, तर आवाज एकाएकीं फुटत नाहीं. तो हळूहळू जाडसर आणि किंचित् खरखरीत होत जातो. लाटेचीं टोकें तुटण्याऐवजीं गोलावतात, मूळ स्वरांत त्याचे वरचे उपस्वर मिसळतात, आणि लहानशा रेडिओवरहि तो खर्ज ओळखूं येतो. ध्वनिमुद्रणालयांत सभागृह भरावयाचें नसतें. समोर मायक्रोफोन ठेवला कीं काम भागतें. म्हणून मैदानांत हरलेला बी-१५ ध्वनिमुद्रणाच्या खोलींत टिकून राहिला.

अर्थात् हा सहवास निव्वळ सुखाचा नाहीं. पेटी जड आहे, आणि जिने चढतांना तिच्या मालकाला तिचे गुण आठवत नाहींत. व्हॉल्व्ह झिजतात आणि अधूनमधून बदलावे लागतात. त्याहून मोठा शत्रु म्हणजे काळ. विद्युत् साठवून ठेवणारे कंडेन्सर वर्षानुवर्षांनीं आंतून सुकतात. मग स्वरामागें एक सततची घरघर सुरू होते. पुष्कळ वेळां ‘जुन्या यंत्राचा स्वभाव’ म्हणून मालक ती सहन करतो, पण ती वास्तविक दुखण्याची खूण असते. जुन्या यंत्रांना दोन दांड्यांचें प्लग असे आणि भूमीशीं जोडणारी तिसरी तार नसे. अशा यंत्राच्या वाद्याला एक हात आणि गाण्याच्या मायक्रोफोनला ओठ लागले, तर जीवघेणा झटका बसूं शकतो. म्हणून जाणत्या मालकाचें पहिलें काम म्हणजे कुशल कारागिराकडून तिसरी तार जोडून घेणें. प्लग काढल्यावरहि आंत कांहीं शें व्होल्टांचा दाब शिल्लक राहूं शकतो. तेव्हां हौसेखातर झांकण उघडून हात घालणें हा खेळ नव्हे.

इतकें असूनहि हीं यंत्रें जगलीं, कारण तीं दुरुस्त करतां येतात. आंतील भाग मोठे आणि थोडे आहेत. ठिणगी कोठून निघते आणि कोठें जाते, हें कारागीर बोटानें दाखवूं शकतो. जें बिघडेल तें काढावें आणि दुसरें घालावें, पण मूळ रचना तशीच राहते.

बी-१५ च्या माथ्यावर पारदर्शक फलकाचा एक लहान तुकडा असे. यंत्र चालू केलें कीं त्यावर कोरलेलीं अक्षरें उजळत. आणि मागणी केल्यास त्या फलकावर ग्राहकाचें स्वतःचें नांव कोरून मिळत असे. नांव नसलेल्या माणसांच्या धंद्यांत ही सवलत लहान नव्हती. मोटाऊनच्या तबकड्यांच्या वेष्टनावर कित्येक वर्षें साथीदार वादकांचीं नांवें छापलींच जात नसत. १९७१ सालीं मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर जेमर्सनचें नांव आलें, तेव्हां त्याचा खर्ज लक्षावधि घरांतून दहा वर्षें वाजत होता. १९८३ सालीं तो वारला. त्याच्या थोडे दिवस आधीं त्याची आवडती बेस गिटारहि चोरीस गेली. रॉक संगीताच्या मानमंदिरांत त्याला स्थान मिळालें तें २००० सालीं.

जुने बी-१५ आजहि कित्येक ध्वनिमुद्रणालयांच्या कोपऱ्यांत उभे आहेत. त्यांचे व्हॉल्व्ह दोन-तीनदां बदललेले असतात, वरचें कापड फाटलेलें असतें, आणि फलकावरचें नांव कधीं कधीं अशा वादकाचें असतें कीं ज्याला आतां कोणी ओळखीत नाहीं. बटण दाबलें कीं व्हॉल्व्ह तापावयाला थोडा वेळ लागतो. मग तें नांव उजळतें, आणि त्याच्याखालीं कोणी नवा वादक आपली तार जोडतो.