बोरघाटाच्या वाटेवरचे दगड

मुंबईहून पुण्यास येणारी मंडळी आतां बहुधा द्रुतगति महामार्गानेंच येतात. २००२ सालीं तो पूर्ण झाला, तेव्हांपासून खोपोली, खंडाळें, कार्लें, वडगांव असा जाणारा जुना रस्ता घाईच्या प्रवाशास परका झाला आहे. ज्या घरांत मुलें इतिहासाच्या सनावळीस कंटाळलेलीं आहेत, तेथील वडील मंडळींस आमची सूचना अशी कीं, एकदां त्यांना घेऊन ह्या जुन्या वाटेनें यावें आणि वाटेंतल्या दगडांपाशीं थोडें थांबावें.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि अवघ्या बारा वर्षांनीं, म्हणजे १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. त्याच सालीं कॅप्टन ह्यूजेस यांनीं बांधलेला एक दगडी पूल घाटांत होता व त्यावर तशी पाटीही होती. परंतु लोकांनीं ना माल्कमचें नांव घेतलें, ना ह्यूजेसचें. जवळच डोकेदुखीवरील मलमाची मोठी जाहिरात झळकत असे, तिच्यावरून तो 'अमृतांजन पूल' झाला! एप्रिल २०२० मध्यें तो पाडण्यांत आला.

त्याच घाटांत शिंगरोबाचें लहानसें देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. घाटांतून आगगाडीची वाट कशी न्यावी हें साहेबांना उमजेना, तेव्हां आपल्या मेंढरांच्या वाटेनें ह्यानें ती दाखविली, आणि 'बक्षीस काय मागतोस?' असें विचारतां, 'आमचा मुलूख आम्हांस परत द्या' असें म्हणाल्यामुळें त्यास गोळी घातली, अशी दंतकथा आहे. दंतकथेस पुरावा मागूं नये. पण तिच्या तळाशीं जें सत्य आहे तें विसरूंही नये. १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग पुरा झाला, त्याचे आराखडे इंजिनियरांचे होते हें खरेंच; परंतु ह्या डोंगराची उंचसखल ज्यांच्या पायांना पाठ होती, त्यांचीं नांवें कोणत्याच शिलेवर आलीं नाहींत. तीं सारीं जणूं ह्या एका नांवांत सामावलीं आहेत. मोटारवाले येथें वेग कमी करून नाणें टाकतात. पाटीचा पूल गेला. हें देऊळ उभें आहे.

घाट चढून कार्ल्याकडे वळलें म्हणजे निराळाच इतिहास लागतो. राघोबादादांस पुण्यास आणून बसवावें, ह्या हेतूनें १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली. तिच्याबरोबर सामानाच्या बैलांचा एवढा तांडा होता कीं, ती मुंगीच्या पावलानें सरकत होती, आणि मराठ्यांच्या तोफा तिला क्षणभर उसंत देत नव्हत्या. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यापाशीं तोफेचा गोळा लागून कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ठार झाला. पुढें फौज तळेगांवापर्यंत पोहोंचली, तों गांव जळून ओसाड पडलेलें. दाणा नाहीं, वैरण नाहीं. अखेर जड तोफा तळ्यांत लोटून तिनें रात्रीं पाय काढला आणि वडगांवास ती पुरती कोंडली गेली. नाना फडणीस व महादजी शिंदे यांनीं तेथें तिला तह करावयास लावला. पुढें कलकत्तेकरांनीं तो तह झुगारला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहांत साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हेंही मुलांना सांगावें. अर्धा इतिहास सांगून अभिमान वाढत नाहीं, फुगतो.

वडगांवांत महादजींचें विजयस्मारक आहे, तें योग्यच. परंतु त्याच गांवांत स्टुअर्टचीही 'समाधि' दाखवितात. शब्द पाहा: थडगें नव्हे, समाधि! मराठ्यांनीं ह्या शत्रूचें नांव 'इष्टुर फाकडा' असें मराठी करून घेतलें. मानाजी शिंदे, मालोजी घोरपडे आणि कोन्हेरराव एकबोटे हे तीन पुरे फाकडे आणि इष्टुर हा अर्धा, अशी साडेतीन फाकड्यांची गणना परंपरेनें चालत आली आहे. शौर्याची कदर करतांना अर्धा गुण मात्र आमच्या पूर्वजांनीं हातचा राखून ठेवला!

आतां ज्यांना अर्धाही गुण मिळाला नाहीं त्यांच्याकडे वळूं. मावळांतील कोणत्याही जुन्या खेड्यांत शिरावें. मारुतीच्या पारापाशीं किंवा वेशीबाहेर चौकोनी कोरीव शिळा उभ्या किंवा आडव्या पडलेल्या आढळतात. हे वीरगळ. ते खालून वर वाचावयाचे असतात. तळच्या चौकटींत लढाई. पुष्कळदां तेथें गाईही असतात, म्हणजे गांवचीं गुरें सोडवितांना तो पडला. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य: ते आहेत तोंवर ह्याची कीर्ति राहो. शेजारच्या शिळेवर कोपरांत वांकलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात असेल तर ती सतीशिळा. कर्नाटकांतील वीरगळांवर पुष्कळदां लेख असतो, नांवगांव कळतें. आपल्याकडील बहुतेक मुके आहेत. चंद्रसूर्य कोरले, पण नांव कोरावयाचें राहिलें; ज्याच्यासाठीं गांव रडला तो कोण, हें आज गांवासही ठाऊक नाहीं.

आणि आतां ते दगडही जात आहेत. कोणी पायरीस लावतो, कोणी त्यावर तैलरंग चढवितो, रस्ता रुंद करतांना एखादा भरावांत जातो. मुलांबरोबर एक वही व मोजपट्टी असूं द्यावी. गांवाचें नांव, शिळेची जागा, तिची उंची, चौकटी किती व त्यांत काय आहे, गांवकरी तिला काय म्हणतात, एवढें टिपावें. शेंदूर असेल तर खरवडूं नये. त्या शेंदरानेंच ती शिळा आजवर वांचली आहे. छायाचित्र घ्यावें तें सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत, म्हणजे झिजलेली रेषाही उठून दिसते. अक्षर दिसलें तर त्यावर पाण्याखेरीज कांहीं लावूं नये आणि ठसा घेण्याचें काम जाणत्यावर सोंपवावें. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा वस्तूंची विचारपूस करीत आलें आहे. वहीची एक प्रत तेथें पोहोंचती करावी.